चार वाजताचे निरोप

कपाट रिकामं झाल्याचं मंगळवारी कळलं.

कपाट म्हणजे लाकडी नव्हे. हिने, म्हणजे माझ्या बायकोने, इंटरनेटवर एक खातं उघडलं होतं आणि त्यात घरातले सगळे फोटो, पत्रं, आवाज, व्हिडिओ लावून ठेवले होते. त्याला आमच्या घरात कपाट म्हणायचे. 'कपाटात टाक', 'कपाटात बघ', असं. सून फोटो मोठे करून चौकटीत बसवून देणाऱ्या दुकानात काम करते. हिचा एक चांगला फोटो मोठा करावा म्हणून तिने दुकानातूनच कपाट उघडलं, तर पडद्यावर आलं की असं खातं अस्तित्वात नाही. तिने तीनदा पासवर्ड टाकला. मग मला फोन केला.

"बाबा, तुम्ही पासवर्ड बदललात का?"

"मला बदलता येतो का?"

"तेच म्हणते मी. म्हणजे कंपनीनेच काहीतरी घोळ घातलाय. बोलते त्यांच्याशी."

"बोल," मी म्हणालो.

फोन ठेवला तेव्हा मला सगळं कळून चुकलं होतं. घोळ कंपनीचा नव्हता.

मी एकतीस वर्षं लिफ्टची देखभाल केली. लिफ्ट बंद पडली की आधी मेन स्विच पाडायचा, मग फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालायचा, मग दारावर पाटी लावायची. चालू वीज मागे ठेवून घरी जायचं नाही. ही गेल्यावर दुसऱ्या महिन्यात मी तसाच कामाला बसलो. बँक, गॅस, वाचनालय, एकेक बंद करत गेलो. नुसतं भिंतीकडे बघण्यापेक्षा ते बरं होतं. हिच्या फोनवर कपाटातून रोज सूचना यायची, 'आजच्या दिवशी, सहा वर्षांपूर्वी', आणि खाली हिचा हसरा चेहरा. ती सूचना बंद करायला गेलो तर खातंच बंद करायची जागा सापडली. दाबली. त्याने विचारलं, नक्की? दाबलं. पुन्हा विचारलं, नक्की? मला दोनदा विचारलेलं आवडत नाही. दाबलं.

बँकेत खातं बंद केलं की शिल्लक आपल्या हातात देतात. मला वाटलं इथेही देतील.

आत चार पिढ्या होत्या. माझ्या वडिलांच्या आवाजाची ती कॅसेट, जिच्यावरून मी आणि माझा भाऊ नऊ वर्षं एकमेकांशी बोललो नव्हतो, ती हिनेच कपाटात उतरवून घेतली, दोघांना ऐकायची सोय करून दिली आणि भांडण मिटवलं. पुढे कॅसेटला बुरशी लागली. कुणाला वाईट वाटलं नाही, कपाटात होती ना. आल्बम दमट भिंतीला लागून खराब झाले, तेव्हाही तेच. मुलांचे फोन भरले की ती हिच्याकडे सगळं पाठवायची आणि आपले फोन मोकळे करायची. 'आईकडे आहे' हे आमच्या घरात सगळ्या प्रश्नांचं उत्तर होतं.

शुक्रवारी कंपनीचं उत्तर आलं. खातं बंद झालं आहे, तीस दिवसांची मुदत संपली आहे, आता काही परत मिळणार नाही. कसं बंद झालं ते सांगता येत नाही, ती खातेदाराची खासगी बाब आहे.

त्या शेवटच्या वाक्याने मी वाचलो. आणि वाचलो म्हणून गप्प बसलो.

*

रविवारी दुपारी सगळी माझ्याकडे जमली. ज्याच्या फोनमध्ये हिचं जे काही उरलंय ते गोळा करायचं, असं सुनेने ठरवलं होतं. हिचा स्वतःचा फोन मी नंबर बंद केला तेव्हाच पुसून देऊन टाकला होता. तिने लॅपटॉप आणला, चार प्रकारच्या वायरी आणल्या, आणि जेवायच्या टेबलावरचं सगळं उचलून बाजूला ठेवलं. लॅपटॉपवर तिने जागा केली होती, तिला नाव दिलं होतं 'नवं कपाट'.

"सगळ्यांनी आपापलं यात टाकायचं. मग सगळ्यांना सगळं बघता येईल," ती म्हणाली.

"सगळ्यांना सगळं?" थोरलीने विचारलं. माझी मुलगी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये काम करते. तिच्या ताब्यात तीस वर्षांच्या फायली आहेत, आणि 'सगळ्यांना' हा शब्द ऐकला की तिच्या कपाळावर आठी पडते.

"घरातल्याच ना, ताई. बाहेरच्यांना थोडंच."

धाकट्याने, म्हणजे माझ्या मुलाने, सुनेच्या नवऱ्याने, आपला फोन पुढे सरकवला. तो बस चालवतो, आणि बस सोडून दुसऱ्या कशाचा फोटो काढणं त्याला सुचत नाही. दोनशे बारा फोटो निघाले. त्यातल्या निम्म्यांत हिला बसच्या दारात उभं केलेलं.

"आईचा फोटो आहे की गाडीच्या विक्रीची जाहिरात?" थोरली म्हणाली.

"तुझे दाखव की."

थोरलीचे तीनशे चार निरोप होते. 'पोचलीस का.' 'जेवलीस का.' 'फोन कर.' तिने ते एकेक न वाचता बोटाने वर सरकवले.

मग सुनेने आपले काढले. सहाशे एक्केचाळीस. ती आनंदाने वाचायला लागली, "हा बघा, 'पोरी, काल तू फार दमलेली दिसलीस. उद्या सकाळची भांडी माझ्यावर सोड, तू झोप.' आणि हा, 'पोरी, निळा रंग तुला छान दिसतो, धाकट्याला डोळे नाहीत.'"

"मी इथेच बसलोय," धाकटा म्हणाला.

थोरली हसली नाही. "पोरी म्हणायची तुला?"

"हो, कायमच."

"मला कधी नाही म्हणाली."

"तुम्हाला नावाने हाक मारायची ना, ताई."

"हो. रागावल्यावर."

थोरलीने पुढे मला सांगितलं की ती तेव्हा मनात हिशेब करत होती. आपण सदतीस वर्षं आईची मुलगी, ती सून होऊन सात वर्षं, आणि तिच्याकडे सहाशे एक्केचाळीस. तिला स्वतःची लाज वाटत होती आणि हिशेब थांबत नव्हता.

"बाबांचे किती?" धाकट्याने विचारलं आणि माझा फोन माझ्या हातातून घेतलाच. "एकशे अठरा. ऐका. 'वर येताना दूध. पिशवी नको, बाटली.' 'चावी विसरलात.' 'कुठे आहात.' 'कुठे आहात.' 'पुन्हा चावी विसरलात.' बाबा, ही प्रेमपत्रं कपाटात ठेवायची का तिजोरीत?"

सगळे हसले. मीही हसलो. एका घरात राहणाऱ्या माणसाला कोण काय लिहिणार? ती माझ्याशी बोलायची, आणि बोललेलं कुठे उरत नाही. लांबच्यांना निरोप मिळाले, मला दूध. सुनेचा फोन टेबलावर उजळत होता आणि मला तो उचलून पालथा घालून ठेवावासा वाटत होता. सुनेवर माझा जीव आहे, तरी वाटत होतं.

तेवढ्यात मावशी आली. मावशी म्हणजे हिची धाकटी बहीण, मुलांची मावशी. मुलांमुळे मीही तिला मावशीच म्हणतो. दुसऱ्या गावी राहते, शिवणकाम करते. बस उशिरा सुटली म्हणून चिडलेली होती. पिशवी खाली ठेवून ती खुर्चीवर बसली, पाणी प्याली, आणि सगळ्यांचं ऐकत राहिली. गप्प बसायचं, असं तिने बसमध्येच ठरवलं होतं. हे तिनेच मला नंतर सांगितलं. फोन पिशवीत खाली, कापडाच्या घडीत घालून आणला होता.

आणि ती गप्प बसलीही असती. पण सून सहज म्हणाली, "म्हणजे सगळ्यांत जास्त माझ्याकडेच निघाले की!"

"माझ्याकडे दोन हजार नऊशे आहेत," मावशी म्हणाली.

सुनेने लॅपटॉपवरून मान वर केली.

"दोन हजार नऊशे काय?" धाकट्याने विचारलं.

"निरोप. बोललेले, तिच्या आवाजातले. दुपारी चारला पाठवायची. अकरा वर्षं."

बासष्ट वर्षांच्या बाईला त्या एका वाक्याचा किती आनंद झाला ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. लगेच तो गेलाही. पण वाक्य परत घेता येत नव्हतं.

चार वाजता. नोकरीत होतो तेव्हा चारला मी कुठल्यातरी इमारतीच्या डोक्यावर, मशीनच्या खोलीत असायचो. आणि निवृत्त झाल्यावर? हीच म्हणायची, चार वाजले, जा, जरा पाय मोकळे करून या. मी जायचो. मला वाटायचं माझ्या पायांची काळजी आहे.

*

सुनेने वायर पुढे केली. "द्या मावशी. अर्ध्या तासात उतरवते. तुमचे तुमच्याकडेच राहतील, फक्त कॉपी होईल."

"कॉपी म्हणजे तेच ना, फक्त दुसऱ्याच्या हातात?"

"दुसऱ्याच्या कशाला? आमच्या."

"ते मला पाठवलेले आहेत," मावशी म्हणाली. पिशवी तिने मांडीवर घेतली होती.

"पण आई आमची होती," धाकटा म्हणाला.

"आणि माझी कोण होती? शेजारीण?"

थोरली मावशीच्या बाजूला जाऊन बसली. "मावशीचं बरोबर आहे. आमच्याकडे पेशंट गेला तरी फाईल उघडी पडत नाही. सख्खा मुलगा आला तरी अर्ज लागतो, कारण लिहावं लागतं. माणूस गेलं म्हणजे त्याचं सगळं सगळ्यांचं होतं, असं नसतं."

"ताई, हे हॉस्पिटल नाही."

"नाहीच. तिथे निदान नियम आहेत."

"तुला कमी आलेत ना, म्हणून. कुणालाच मिळू नयेत, म्हणजे बरोबरी," धाकटा म्हणाला.

थोरलीची मान लाल झाली. लहानपणापासून तिची मान लाल होते.

सून मध्ये पडली, भांडण मोडायला म्हणून. "अहो, असं नका ना बोलू. मावशी, आमच्या दुकानात एक गिऱ्हाईक येतात. ते म्हणतात, एवढा आवाज साठलेला असला की मशीन त्याच आवाजात हवं ते बोलून दाखवतं. विचार करा, मुलांच्या वाढदिवसाला आईंचा आशीर्वाद..."

"म्हणजे ती जे बोलली नाही, ते तिच्याकडून बोलवून घ्यायचं?"

"आशीर्वादच ना, मावशी. वाईट काय त्यात?"

"जिवंतपणी तिने कुणाला आपल्या तोंडात शब्द घालू दिले नाहीत. आता उठून नको म्हणता येत नाही, म्हणून घालणार?"

मावशी बरोबर बोलत होती. पण मला खरं सांगायला हवं. सून मशीनचं बोलली तेव्हा माझ्या मनात यादी सुरू झाली होती, काय काय बोलवून घ्यायचं याची. पहिलंच होतं, 'चावी विसरलात'.

"एवढं आहे तरी काय त्यात?" धाकटा हट्टाला पेटला. "सरकारी गुपितं?"

"माणसाच्या मनात असतं ते आहे! तुझी नोकरी जायची वेळ आली होती ते आहे. थोरली दोनदा बॅग भरून आली होती, तेव्हा तुमच्या आईची झोप उडाली होती, ते आहे. ऐकायचंय तुम्हाला सगळ्यांना टेबलावर बसून?"

मावशीचा हात तोंडावर गेला, पण उशिराच.

धाकट्याने बहिणीकडे बघितलं. "बॅग भरून? कधी?"

थोरली उठून उभी राहिली. "पूस," ती मावशीला म्हणाली. "आजच्या आज. माझ्यासमोर."

"अगं, आत्ता तर माझ्या बाजूने होतीस."

"फाईल दुसऱ्याची होती तोवर होते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी ते आईला सांगितलं होतं. एकट्या आईला. तुला नाही."

ती आत गेली आणि स्वच्छ असलेले कप विसळायला लागली. मी मागे गेलो. नळ चालू ठेवूनच ती बोलली. गोष्ट बाहेर गेली याचं तिला तितकं लागलं नव्हतं. जावईबापूंचं आणि तिचं आता ठीक आहे. तिला लागलं ते वेगळंच. "बाबा, मला वाटायचं आईला बोलायला मीच आहे. तिला दुसरं कुणी नाही म्हणून मी फोन करायचे. आणि ती माझा फोन ठेवून चारची वाट बघायची."

"बॅग भरून कुठे आली होतीस?" मी विचारलं.

तिने नळ बंद केला. "इथेच की, बाबा. याच घरात. तुम्ही संध्याकाळी आलात तेव्हा मी गेले होते."

*

मावशी गॅलरीत जाऊन उभी राहिली होती. पिशवी खांद्याला. मी गेलो तशी म्हणाली, "तुम्हीही मागणार का, भाऊजी?"

"सगळे नको. एक."

"तुमच्याबद्दलचे पुष्कळ आहेत."

"असतील."

"सगळे काही कौतुकाचे नाहीत."

"मग कौतुकाचा नसलेला लाव. त्यात तीच बोलत असेल."

ती हसली, पण नाक ओढत. कापडाच्या घडीतून तिने फोन काढला. सुया टोचून टोचून तिच्या बोटांचे शेंडे इतके घट्ट झालेत की पडदा तिचं बोट ओळखत नाही. तिने अंगठ्याने शोधलं. एका निरोपापुढे चांदणीची खूण होती. "ती गेल्यापासून मी एकही लावलेला नाही," ती म्हणाली आणि दाबलं.

आधी श्वास आला. मग मागे कुठेतरी आमच्या लिफ्टचं दार किरकिरलं. मी लगेच ओळखलं. डावीकडचा रोलर. तो मी दोन वर्षांपूर्वी बदलला, तेव्हापासून दार वाजत नाही. म्हणजे निरोप त्याआधीचा. म्हणजे आजाराच्या आधीचा, ही धडधाकट असतानाचा.

"ऐक गं," हिचा आवाज आला. "हे आत्ताच खाली गेलेत. घरी असले की लिफ्टचं सांगत बसतात, कुठली दोरी झिजली, कुठलं दार अडकलं. मला आवडतं ऐकायला. खरंच आवडतं. पण त्यात माझं सांगायचं राहून जातं, आणि मग तुझं डोकं खाते. बरं, कामाचं. मला काही झालं तर माझे हे सगळे निरोप पुसून टाक. मुलांचं त्यात फार आहे, यांचंही आहे. कपाटातलं असू दे कपाटात, ते सगळ्यांचं. हे आपल्या दोघींचं. विसरू नकोस. चल, ठेवते, दूध उतू जाईल."

संपलं. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, होत नव्हती.

इतकी वर्षं मला वाटत होतं की आमच्या घरात मी कमी बोलणारा.

"तू पुसले नाहीस," मी म्हणालो.

"नाही."

"तिने सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. मी बसलेही होते पुसायला. पहिलाच घेतला. फोनने विचारलं, नक्की? मी नाही म्हटलं." तिने फोन पुन्हा घडीत घातला. "आत मी मोठी नीतीची बाई झाले होते ना, की तिचं आहे, खासगी आहे. तसं काही नाही, भाऊजी. मला ते कुणाला द्यायचे नव्हते, एवढंच. तिच्या शब्दाबाहेर मीच गेले."

"मला विचारलं होतं तेव्हा मी हो म्हटलं," मी म्हणालो.

तिला कळायला थोडा वेळ लागला. "कपाट?"

"मी बंद केलं. कंपनीने नाही."

ती ओरडेल असं वाटलं होतं. ती कठड्याला टेकली आणि माझ्याकडे बघत राहिली. मोजमाप घेताना बघते तशी. जे ठेवायला सांगितलं होतं ते मी घालवलं होतं, आणि जे घालवायला सांगितलं होतं ते तिने ठेवलं होतं. दोघांपैकी एकालाही दुसऱ्याला बोलायची सोय नव्हती.

"मुलांना माहीत आहे?"

"नाही."

"सांगा."

"सांगतो. तू पूस."

"पुसते," ती म्हणाली.

दोघंही जागचे हललो नाही. आतून धाकट्याने हाक मारली, चहा गार होतोय म्हणून. आम्ही आत गेलो. थोरलीने मावशीपुढे कप ठेवला, बशीवर जरा जोरात. सुनेने वायरी गुंडाळल्या.

त्याला आता पाच आठवडे झाले. नव्या कपाटात माझे एकशे अठरा निरोप आहेत, धाकट्याचे फोटो आहेत, सुनेचे सहाशे एक्केचाळीस आहेत. थोरलीने तिचे दिले नाहीत. मी चारला खाली जायचं सोडलंय. त्या वेळी मावशी मला फोन करते, आणि आम्ही एकमेकांना एकच प्रश्न विचारतो, 'झालं का?' तिने अजून एकही निरोप पुसलेला नाही. मी अजून मुलांना सांगितलेलं नाही.